पोटगीचा रुपया सरकारी हिशेबात

पती-पत्नी विभक्त झाल्यावर एकाने दुसऱ्याच्या आणि मुलांच्या निर्वाहासाठी द्यावयाची रक्कम म्हणजे पोटगी. वरवर पाहता ती दोन माणसांमधली खाजगी देवघेव वाटते. परंतु ज्या घरात सरकारी पगार, सरकारी निवासस्थान, निवृत्तिवेतन किंवा निराधारांचे मासिक अनुदान यांपैकी काहीही येते, त्या घरात पोटगीचा प्रत्येक रुपया कोणत्या ना कोणत्या सरकारी हिशेबाला जाऊन भिडतो. कधी तो पगारातून परस्पर कापला जातो, कधी त्याच्यामुळे अनुदान बंद होते, तर कधी पोटगी थांबते त्याच दिवशी तिच्या जागी मिळू शकला असता असा सरकारी आधारही हातातून गेलेला असतो. न्यायालय आणि सरकारी कार्यालय हे दोघे एकाच कुटुंबाकडे पाहत असले तरी दोघांचे नियम वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी घडलेले आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम बहुतेक वेळा त्या कुटुंबातल्या स्त्रीवरच येऊन पडते.

हा मेळ किती अवघड असतो हे पाहण्यासाठी दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरसारखी वसाहत उपयोगी पडते. सरोजिनी नगर आणि किदवई नगर यांच्या शेजारची, नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीतील ही वसाहत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली आहे. येथे राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने सरकार एकाच वेळी पगार देणारे मालक, छप्पर देणारे घरमालक, औषधोपचाराची सोय करणारी यंत्रणा आणि पुढे निवृत्तिवेतन देणारा खजिना असते. अशा वसाहतींत धुणीभांडी आणि स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने तेच सरकार दरमहा काही रक्कम देणारा आधार असते. एकीच्या बाबतीत प्रश्न असतो नवऱ्याच्या सरकारी पैशातून पोटगी कशी मिळवायची हा, तर दुसरीच्या बाबतीत पोटगी मिळाली तर सरकारी पैसा जाईल का हा.

पोटगीचा हक्क एकाच कायद्यातून येत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २४ खाली दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी आणि कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ पत्नीला, मुलांना आणि वृद्ध आईवडिलांना निर्वाहाचा हक्क देतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० खाली दंडाधिकारी आर्थिक साहाय्याचा आदेश देऊ शकतात. आणि धर्म कोणताही असला तरी लागू होणारे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. कलम १२५ खालच्या रकमेला २००१ पर्यंत दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती त्या वर्षीच्या दुरुस्तीने उठली. एवढे मार्ग असल्यामुळे एकाच स्त्रीच्या हाती दोन-तीन आदेश असण्याची आणि त्यांतल्या रकमा परस्परांशी न जुळण्याची स्थिती सर्रास उद्भवत असे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्याला शिस्त लावली: दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, आधी मिळालेली पोटगी नंतरच्या आदेशात वळती करून घ्यावी आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून लागू व्हावी.

रक्कम ठरवण्याचे एकच ठाशीव सूत्र कायद्यात नाही. तरी दिल्लीतील वकिलांच्या तोंडी २००४ मधील दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका निकालातली वाटणी नेहमी असते: कुटुंबाच्या उत्पन्नाचे भाग पाडायचे, कमावत्याला दोन आणि इतर प्रत्येक सदस्याला एक. हाती येणारा पगार ७२,००० रुपये असेल आणि घरात नवरा, बायको व दोन मुले असतील, तर पाच भाग होतात, प्रत्येक भाग १४,४०० रुपयांचा. म्हणजे नवऱ्याकडे २८,८०० राहून बायको-मुलांच्या वाट्याला ४३,२०० येतात. सर्वच न्यायालये असा हिशेब करत नाहीत, आणि पत्नीपुरते पाहिल्यास सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्क्यांचे प्रमाण वाजवी मानल्याचीही उदाहरणे आहेत. मात्र सरकारी नोकराच्या बाबतीत एक गोष्ट स्त्रीच्या बाजूची असते. त्याची वेतनचिठ्ठी लपवता येत नाही, आणि कर्जाचे हप्ते किंवा भविष्य निर्वाह निधीत वाढवून घेतलेली स्वेच्छेची कपात दाखवून पगार कमी भासवण्याचा प्रयत्न न्यायालये सहसा चालू देत नाहीत.

आदेश झाल्यावर वसुलीचा प्रश्न येतो, आणि येथे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० मुळातून समजून घेण्यासारखे आहे. जप्ती म्हणजे देणेकऱ्याचा पैसा त्याच्या हाती पडण्याआधीच न्यायालयाच्या हुकमाने अडवणे. साध्या कर्जासाठी पगार जप्त करायचा झाला तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश सुरक्षित राहतात. पण हुकूमनामा पोटगीचा असेल तर फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. ६०,००० रुपये पगार धरला तर सावकाराला त्यातून सुमारे १९,६६७ रुपयांपलीकडे हात घालता येत नाही, मात्र पत्नी आणि मुलांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत जप्ती होऊ शकते. सरकारने अधिसूचना काढून जप्तीमुक्त ठेवलेले भत्ते या पगारात धरत नाहीत, हा एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. तरीही कायद्याने बायको-मुलांच्या अन्नाला सावकाराच्या देण्यापेक्षा किती वरची जागा दिली आहे, हे या दोन आकड्यांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) ने याहून जवळची वाट काढली आहे. नवऱ्याने आदेशाप्रमाणे पैसे दिले नाहीत, तर दंडाधिकारी त्याच्या मालकालाच, म्हणजे सरकारी नोकराच्या बाबतीत त्याच्या कार्यालयाला, पगाराचा काही भाग थेट पीडित स्त्रीला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश देऊ शकतात. असा आदेश आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे पगाराचे बिल काढून तो वाटणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पोचला की पोटगी ही नवऱ्याच्या मर्जीची बाब न राहता प्राप्तिकर किंवा भविष्य निर्वाह निधीसारखी कपातीची एक नोंद बनते. सैन्यात तर न्यायालयात न जाताही ही सोय आहे. लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम ९० आणि ९१ खाली पत्नी व मुलांच्या निर्वाहासाठी वेतनातून कपात करता येते, आणि लष्कराच्या आदेशांत तिची कमाल मर्यादा पत्नीसाठी २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी साडेपाच टक्के व एकूण ३३ टक्के अशी घालून दिलेली आहे.

पगार संपून निवृत्तिवेतन सुरू झाले की चित्र पालटते. निवृत्तिवेतन अधिनियम, १८७१ च्या कलम ११ प्रमाणे धनकोच्या मागणीवरून सरकारी निवृत्तिवेतनावर दिवाणी जप्ती आणता येत नाही, आणि या तरतुदीच्या आडोशाने पोटगी चुकवण्याचा प्रयत्न वर्षानुवर्षे होत आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये हा आडोसा दूर केला. पत्नी ही नवऱ्याची धनको नव्हे, तिचा निर्वाह हे त्याचे कर्तव्य आहे, त्यामुळे पोटगीच्या वसुलीसाठी निवृत्तिवेतन जप्त करता येते, असा त्या निकालाचा आशय आहे. १८७१ च्या कायद्याचा हेतू म्हाताऱ्या नोकराच्या तोंडचा घास सावकारापासून वाचवण्याचा होता. त्याच घासावर ज्यांचा हक्क आहे त्यांना तो नाकारण्याचा नव्हता. म्हणून हा निकाल केवळ सोयीचा नाही, तर कायद्याच्या मूळ हेतूला धरून आहे.

झाशीच्या ज्या राणीचे नाव लक्ष्मीबाई नगर या वसाहतीला दिले आहे तिच्या चरित्रातही निवृत्तिवेतन आणि नवऱ्याच्या देण्याचा असाच संघर्ष आहे. पती गंगाधररावांच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये झाशी खालसा करून कंपनी सरकारने लक्ष्मीबाईंना दरमहा ५,००० रुपयांची नेमणूक देऊ केली, आणि दिवंगत राजाचे कर्ज त्या रकमेतून फेडले जावे असा आग्रह धरला. राणीने त्याला विरोध केला. विधवेच्या निर्वाहाची रक्कम नवऱ्याच्या धनकोंना देऊ नये, हे तत्त्व तिने ज्या काळात मांडले त्या काळात त्यासाठी कोणतेही कलम तिच्या पाठीशी नव्हते.

घराचा प्रश्न पगाराइतका सरळ सुटत नाही. सरकारी निवासस्थान कर्मचाऱ्याच्या नावे परवान्यावर दिलेले असते. ते त्याच्या मालकीचे नसते आणि पत्नीच्या तर मुळीच नसते. कौटुंबिक हिंसाचार कायदा पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, पण तो हक्क नवऱ्याविरुद्ध आहे. नवरा निवृत्त झाला किंवा त्याची बदली झाली आणि नियमाने मिळणारी मुदत संपली, की घर सरकारकडे परत जाते आणि तेथे राहणाऱ्यांवर सार्वजनिक जागांतून निष्कासनाच्या १९७१ च्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. त्यामुळे अशा वसाहतीत राहणाऱ्या पत्नीने राहण्याचा आदेश मागताना केवळ त्या क्वार्टरवर भिस्त न ठेवता, कलम १९ खाली तसेच दुसरे घर किंवा त्याचे भाडे नवऱ्याने द्यावे अशीही मागणी करणे शहाणपणाचे ठरते.

दोघेही सरकारी नोकर असले तर गाठ आणखी घट्ट होते. केंद्राच्या घरभाडे भत्त्याच्या नियमांनुसार एकाच शहरात पती किंवा पत्नीला सरकारी घर मिळालेले असेल तर दुसऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही, मग ती व्यक्ती त्या घरात राहत असो वा वेगळे घर भाड्याने घेऊन राहत असो. सातव्या वेतन आयोगानंतर दिल्लीसारख्या शहरात हा भत्ता मूळ वेतनाच्या २४ टक्क्यांपासून सुरू होऊन ३० टक्क्यांपर्यंत पोचला, हे ध्यानात घेतले तर या नियमाचा भार कळतो. नवरा क्वार्टरमध्ये राहतो, बायको मुलाला घेऊन बाहेर खोली घेऊन राहते, ती खोली तिच्या पगारातून जाते आणि नियम मात्र दोघांना अजून एकाच छपराखाली धरतो. सरकारी घरांच्या वाटपाच्या नियमांत न्यायिक विभक्ततेच्या आदेशाने वेगळे राहणाऱ्या जोडप्यासाठी अपवाद ठेवलेला आहे. न्यायिक विभक्तता म्हणजे विवाह कायम ठेवून वेगळे राहण्यास न्यायालयाने दिलेली मान्यता. नुसते भांडून वेगळे राहणे सरकारी कागदाला दिसत नाही, न्यायालयाचा शिक्का दिसतो. आणि तो शिक्का मिळेपर्यंत जी वर्षे जातात त्या वर्षांचा खर्च स्त्रीच्या पदरी पडतो, ही या नियमांतली मोठी उणीव आहे.

सर्वांत दूरगामी परिणाम कुटुंब निवृत्तिवेतनाच्या बाबतीत होतो, आणि घटस्फोटाच्या तडजोडी करताना त्याचाच विचार सर्वांत कमी केला जातो. कर्मचारी किंवा निवृत्तिवेतनधारक मरण पावल्यावर त्याच्या कुटुंबाला दरमहा मिळणारी ही रक्कम सर्वसाधारणपणे अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असते आणि सातव्या वेतन आयोगानंतर तिची किमान मर्यादा ९,००० रुपये अधिक महागाई दिलासा अशी आहे. न्यायिक विभक्त झालेली पत्नी, विभक्ततेचे कारण तिचा व्यभिचार नसेल तर, कुटुंबाच्या व्याख्येत राहते. घटस्फोटित पत्नी त्या व्याख्येतून पूर्णपणे बाहेर पडते. आता दरमहा निवृत्तिवेतनातून पोटगी मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रीचा विचार करावा: तो माणूस गेला की कापायला निवृत्तिवेतनच उरत नाही, म्हणून पोटगी थांबते; आणि ती पत्नी राहिलेली नसते, म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनही मिळत नाही. उतारवयात दोन्ही आधार एकाच दिवशी जाण्याचा हा धोका हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ खाली पोटगीचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवून घेऊन कमी करता येतो. तशी तरतूद कायद्यात आहे, पण ती मागावी लागते.

मुलांच्या बाबतीत हेच नियम अधिक न्यायाने वागतात. आईबापांच्या घटस्फोटाने मुलांचा हक्क जात नाही. मृत कर्मचाऱ्याने दुसरे लग्न केलेले असेल आणि मागे विधवा राहिली असेल, तर घटस्फोटित पत्नीच्या पात्र मुलाला कुटुंब निवृत्तिवेतनातील तोच वाटा मिळतो, जो घटस्फोट झाला नसता तर त्याच्या आईला मिळाला असता. केंद्राने १ जानेवारी २०२४ च्या आदेशाने आणखी एक दार उघडले: स्त्री कर्मचाऱ्याचा घटस्फोटाचा दावा किंवा नवऱ्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराचे अथवा हुंड्यासंबंधीचे प्रकरण चालू असेल, तर आपल्या मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन नवऱ्याआधी मुलांना मिळावे, असे ती लेखी कळवू शकते. दावा निकाली निघेपर्यंत थांबण्याची अट येथे नाही, आणि घरभाडे भत्त्याच्या नियमांनीही हाच धडा घ्यायला हवा.

ज्यांच्याकडे सरकारी पगाराचा कोणताच धागा नाही त्यांचा हिशेब याच्या उलट टोकाने सुरू होतो. दिल्ली सरकारचा महिला व बालविकास विभाग विधवा, घटस्फोटित, विभक्त, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांना दरमहा २,५०० रुपये देतो. त्यासाठी दिल्लीत पाच वर्षांचे वास्तव्य आणि सर्व मार्गांनी मिळून वर्षाला एक लाख रुपयांच्या आतले उत्पन्न या प्रमुख अटी आहेत. सर्व मार्गांत पोटगी येतेच. एक लाखाला बाराने भागले तर महिन्याला ८,३३३ रुपये होतात. न्यायालयाने एखाद्या स्त्रीला ५,००० आणि तिच्या मुलाला ४,००० अशी ९,००० रुपये पोटगी ठरवली, तर कागदावर तिचे वार्षिक उत्पन्न १,०८,००० होते आणि ती मर्यादेबाहेर जाते. पण नवऱ्याने वर्षातून चारच महिने पैसे दिले, तर तिच्या हाती ३६,००० रुपयेच पडलेले असतात. आणि मुलाचा हिस्सा वेगळा काढला, तर पूर्ण पोटगी मिळूनही तिचे स्वतःचे उत्पन्न ६०,००० रुपयेच ठरते. एकाच आदेशातून असे तीन आकडे निघतात, आणि त्यांतला कोणता धरायचा यावर तिची पात्रता ठरते. उत्पन्न म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली रक्कम असाच अर्थ लावला पाहिजे. न दिलेल्या पोटगीला उत्पन्न मानणे म्हणजे नवऱ्याच्या कसुरीची शिक्षा बायकोला देणे होय.

महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत हा विचार नियमातच आलेला आहे. १९८० पासून चालत आलेल्या या योजनेच्या लाभार्थ्यांत घटस्फोटाच्या प्रक्रियेतील स्त्रिया आहेत, तसेच घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या आणि योजनेच्या उत्पन्न मर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणाऱ्या स्त्रियाही आहेत. म्हणजे येथे आदेशापेक्षा प्राप्तीला महत्त्व आहे. अडचण आहे ती मर्यादेच्या आकड्याची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे अशी सर्वसाधारण अट आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, आणि अनुदान आहे दरमहा १,५०० रुपये. दुसरे काहीच उत्पन्न नसलेल्या स्त्रीला १,७०० रुपये पोटगी मिळत असेल तर अनुदानासह तिच्याकडे ३,२०० रुपये येतात. तीच पोटगी १,८०० झाली तर अनुदान जाऊन १,८०० रुपयेच उरतात. पोटगी शंभर रुपयांनी वाढवून घेण्यासाठी तिने कोर्टात खेटे घालावेत आणि जिंकल्यावर महिन्याला १,४०० रुपये गमवावेत, अशी ही रचना आहे. राज्याच्याच २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता आणि घटस्फोटित स्त्रियांचा समावेश आहे व तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपयांची आहे, परंतु दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० रुपये घेणाऱ्या स्त्रीला ती मिळत नाही. मर्यादा ओलांडणाऱ्या १,८०० रुपयांच्या पोटगीवाल्या स्त्रीला या दुसऱ्या योजनेने काहीसे सावरले आहे, पण निराधार योजनेची मर्यादा बदलण्याची गरज त्यामुळे संपत नाही.

इतर देशांनी या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिट या अनुदानात मुलांसाठी मिळणारी पोटगी उत्पन्नात धरतच नाहीत, तर जोडीदारासाठीची पोटगी पूर्ण धरतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २०१७ मध्ये मुलांच्या पोटगीला अशीच सूट दिली. ऑस्ट्रेलियात कुटुंबांना मिळणाऱ्या करलाभाच्या एका भागात ठराविक मर्यादेपलीकडच्या पोटगीच्या प्रत्येक डॉलरमागे अनुदान ५० सेंटने कमी होते, त्यामुळे पोटगी वाढली तरी घरात एकूण पैसा वाढतोच. अमेरिकेत गरीब कुटुंबांच्या रोख मदतीसाठी अर्ज करणाऱ्या आईला मुलाच्या पोटगीचा हक्क राज्याकडे सुपूर्द करावा लागतो. त्या वसुलीतले दरमहा पहिले ५० डॉलर आईला देण्याची १९८४ ची संघीय सक्ती १९९६ च्या कायद्याने काढून टाकली आणि निर्णय राज्यांवर सोडला. जर्मनीने सर्वांत माणुसकीचा मार्ग धरला आहे: दुसऱ्या पालकाने पोटगी दिली नाही तर सरकार मुलाला आगाऊ रक्कम देते आणि नंतर ती त्या पालकाकडून वसूल करते. कसूरदार नवऱ्याच्या मागे लागण्याचे बळ एकट्या आईपेक्षा सरकारकडे कितीतरी अधिक असते, हे ओळखून केलेली ही व्यवस्था भारतातही, निदान सरकारी नोकरांच्या मुलांपुरती, सहज आणता येईल. कारण येथे देणारे खाते आणि वसूल करायचे खाते दोन्ही सरकारचीच आहेत.

भारतात पोटगीवरील कर आकारणीचा नियम वेगळाच आहे आणि निवृत्तिवेतनाच्या निकालाप्रमाणे तोही मुंबई उच्च न्यायालयातूनच आलेला आहे. प्रतापगढच्या राजघराण्यातील एका प्रकरणात या न्यायालयाने १९८३ मध्ये दरमहा मिळणारी पोटगी करपात्र उत्पन्न ठरवली आणि एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची, म्हणून करमुक्त मानली. एकरकमी पैसा बँकेत ठेवला तर त्याचे व्याज मात्र उत्पन्नात येते.

व्यवहारात यातून काही गोष्टी ओघानेच येतात. तडजोडीच्या अटींत आणि आदेशात पत्नीची व प्रत्येक मुलाची रक्कम स्वतंत्र लिहून घ्यावी, म्हणजे अनुदानासाठी उत्पन्न मोजताना दोन्हींची सरमिसळ होत नाही. पोटगी रोखीत न घेता बँक खात्यातच घ्यावी, कारण पैसे आले नाहीत हे सिद्ध करण्यासाठी पासबुकाइतका चांगला पुरावा नाही, आणि तेच पासबुक महिला व बालविकास कार्यालयात किंवा तहसील कचेरीत प्रत्यक्ष उत्पन्न दाखवण्यास उपयोगी पडते. पोटगीच्या दाव्यासाठी पैसा नसलेल्या स्त्रीला वकिलाची फी भरावी लागू नये म्हणून विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ ने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. आणि थकलेली पोटगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली वॉरंट काढून वसूल करायची असेल तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्यानंतर त्या महिन्यांसाठी हा मार्ग बंद होतो, म्हणून थकबाकीचा अर्ज ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून टाकून ठेवू नये.